पहिली हायब्रिड घेताना: डिझेल, सीएनजी की पेट्रोल?

भावा, हायब्रिड म्हणजे इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी. डिझेल स्वस्त पडतं हे घरातल्या थोरल्यांचं गणित जुन्या गाड्यांचं आहे. आधी महिनाभर तुझं रोजचं अंतर वहीत लिही, मग शोरूमची पायरी चढ.

कोल्हापुरात रंकाळा ते शिरोली एमआयडीसी एवढीच ये-जा असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नकोस. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते तापतच नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो. हायब्रिडमध्ये इंजिन सारखं बंद-चालू होतं, म्हणून तिथं पेट्रोलच जास्त जमतं. रोज पुणे-बेळगाव हायवेवर लांब धावणार असशील तर मात्र डिझेलचा विचार जरूर कर.

नवखे इथं चुकतात:
- ‘हायब्रिड’ एवढंच वाचून पैसे मोजतात. माइल्ड हायब्रिड नुसत्या बॅटरीवर चालत नाही, स्ट्राँग चालते. आधी हे विचार.
- सीएनजी किलोवर, पेट्रोल लिटरवर. मायलेजचे आकडे शेजारी ठेवू नकोस, किलोमीटरला किती रुपये ते काढ. सीएनजीची टाकी जागा खाते, म्हणून डिकीही बघ.
- ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल विचारत नाहीत. आपल्या उसाच्या पट्ट्यात इथेनॉलचं कौतुक आहे, मलाही आहे. पण लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, मायलेज थोडं उतरणारच.

बॅटरीचं बाकी शास्त्र नंतर बघू. टेस्ट ड्राइव्ह गगनबावड्याच्या घाटात घे, उतारावर बॅटरी भरताना दिसेल.