वरची खोली भाड्याने देताना

वहिनी, इंदूरच्या भंवरकुआँजवळ घर म्हटलं की कोचिंगची मुलं विचारायला येणारच. पण पहिल्याच मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. आधार कार्डाची झेरॉक्स सगळेच घेतात. मी आधीच्या घरमालकाचा नंबर मागतो आणि मुलासमोरच फोन लावतो. एकदा तो फोन त्याच्याच खिशात वाजला! वडिलांशीही बोला, भाडं बहुधा तेच पाठवतात. करार अकरा महिन्यांचा करा; १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, पोच जपून ठेवा. जातपात विचारत बसू नका. नळ किती वाजता येतो, फाटक कधी बंद होतं, हे मात्र आधीच सांगा. आणि खोलीच्या विजेच्या सबमीटरचा आकडा पहिल्याच दिवशी दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.