उत्तर: केगला बसवलेली कपलिंग आतून काळी, खरखरीत, आता गंजही सुटलाय

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ओहायोत घेतलेला जुना साडेपंधरा गॅलनचा केग (बिअरचा स्टेनलेसचा पिंप), घरी बिअर उकळायचं भांडं करायला वरचं तोंड कापून झालंय, खाली अर्ध्या इंचाची कपलिंग (व्हॉल्व्ह जोडायची आट्यांची बाही) एका वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतली. दोनदा वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) उकळली आणि आता कपलिंगभोवती आतल्या बाजूने काळपट खरखरीत पट्टा, त्यावर तांबूस डाग, बिअरला लोखंडी चव. वेल्डर म्हणतो, "स्टेनलेस आहे, गंजणार नाही, घासून काढा." हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलंय, तेही "फूड ग्रेड काम" म्हणून जादा पैसे घेऊन. दुकानाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण असं काम करणारे बरेच आहेत.

केग घासून काढल्याने हे जाणार नाही. केग ३०४ जातीच्या स्टेनलेसचा असतो, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. गंज रोखतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने, आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) करताना टॉर्चमधून येणारा आर्गॉन फक्त बाहेरची बाजू झाकतो. आतली बाजू तितकीच तापते आणि तिथे साधी हवा असते. त्या हवेत क्रोमियम जळून जातं आणि तव्यावर करपलेल्या पाकासारखी काळी, दाणेदार खपली उरते. तिच्याखालच्या धातूत क्रोमियम कमी राहिलेलं असतं, म्हणून गंज तिथूनच सुटतो. बाहेरून टाका कितीही देखणा दिसला तरी त्याला अर्थ नाही. वर्ट आतल्या बाजूला लागते.

हे टाळायला आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. काम अवघड नाही. भोकाच्या मागे अॅल्युमिनियम फॉइलची डबी करून टेपने चिकटवायची, तिच्यात दुसरी नळी घालायची, मिनिटाला ५ ते ७ लिटर आर्गॉन सोडायचा, दोन-चार मिनिटं हवा बाहेर पडू द्यायची आणि मग टाका घालायचा. भरणीची तार ३०८एल. नीट झालेलं काम आतून पेंढ्याच्या रंगाचं किंवा सोनेरी दिसतं. निळसर असेल तर चालवून घेता येतं. राखाडी-काळं आणि बोटाला टोचणारं असेल तर ते काम फेल, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो.

आता तुमच्या केगचं काय करायचं ते. एक दिलासा आधी: हे भांडं उकळायचं आहे, त्यामुळे खड्ड्यांत जंतू राहून बिअर आंबेल ही भीती इथे फारशी नाही. तासभर उकळलेल्या वर्टमध्ये बिअर आंबवणारे जंतू जगत नाहीत. लोखंड मात्र उतरतं. त्याने चव बिघडते आणि बिअर लवकर शिळी होते. हाच केग फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) करणार असाल तर माझं मत सरळ आहे, करू नका.

दुरुस्ती अशी. डाय ग्राइंडर किंवा ड्रिलला छोटं फ्लॅप व्हील (सँडपेपरच्या पाकळ्यांचं चाक) लावा, ८० ग्रिटने सुरू करा, मग १२०, मग २४०. व्हील नवं कोरं हवं. ज्या व्हीलने कधी साधं लोखंड घासलंय ते लावलंत तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततील आणि गंज पुन्हा दिसेल. तारेचा ब्रश वापरायचा तर स्टेनलेसचा, तोही फक्त या कामापुरता ठेवलेला. काळा थर जाऊन पूर्ण चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नुसता रंग गेला म्हणून थांबू नका. बॅटरी तिरपी धरून भिंगाने पाहा. सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरले असतील तर अजून घासायचं आहे.

मग पॅसिव्हेशन, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा थर पुन्हा तयार करणं. सायट्रिक अॅसिडची पावडर, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, पाणी साधारण ६० अंश सेल्सियस, कपलिंग बुडेल एवढं भरून अर्धा तास. नंतर भरपूर पाण्याने धुवा. ऑक्झॅलिक अॅसिडची भांडी घासायची पावडर मिळते, तिची पेस्ट लावून दहा मिनिटं ठेवली तरी पुष्कळ काम होतं. क्लोरीनचं ब्लीच स्टेनलेसजवळ आणायचं नाही, ते खड्डे पाडतं. शेवटी चाचणी: तो भाग ओला करून रात्रभर तसाच उघडा ठेवा. सकाळी नारिंगी ठिपके दिसले तर लोखंड अजून आहे, घासणं आणि अॅसिड पुन्हा.

केगची भिंत दीड-दोन मिलिमीटरचीच असते. घासता घासता टाक्याशी खळगा पडायला लागला किंवा पाणी भरल्यावर बाहेर थेंब दिसला तर हट्ट सोडा आणि कपलिंग कापून काढा. अर्ध्या इंचाच्या कपलिंगचा बाहेरचा व्यास २८-२९ मिलिमीटर असतो, त्यामुळे उरणारं भोक अर्ध्या इंचाच्या वेल्ड न करता बसणाऱ्या फिटिंगला मोठं पडतं. ते ३४-३५ मिलिमीटरपर्यंत वाढवून एक इंची बल्कहेड (भिंतीतून आरपार जाणारं, नटने आवळायचं फिटिंग) बसवा आणि पुढे रिड्यूसर लावून अर्ध्या इंचावर या. दिसायला बेढब, पण पुन्हा वेल्डरच्या पाया पडावं लागत नाही.

पुन्हा वेल्डच करून घ्यायचं असेल तर गेट आणि जिने बनवणाऱ्याकडे जाऊ नका. दूध डेअरीच्या पाइपचं किंवा एखाद्या छोट्या ब्रुअरीच्या टाक्यांचं काम करणारा शोधा. तुमच्या गावातल्या ब्रुअरीत जाऊन विचारलं तर ते सांगतात. त्याला विचारायचं एवढंच: आतून आर्गॉन सोडणार का, कसा सोडणार, आणि याआधी केलेल्या कामाची आतली बाजू दाखवता का. "गरज नसते" असं उत्तर आलं की केग उचलून बाहेर पडा. कोणी मागच्या बाजूला फ्लक्सची (तापलेला धातू हवेपासून झाकणाऱ्या रसायनाची) पेस्ट लावतो म्हणेल. नाइलाज असेल तर ठीक, पण तिचा काचेसारखा थर नंतर पूर्ण काढावा लागतो आणि तो काढायला कोणी तयार नसतं. मला चुकीपेक्षा जास्त राग येतो तो या आत्मविश्वासाचा. गिऱ्हाईक आत हात घालून बघणार नाही हे गृहीत धरून पैसे घेतात. (मी स्वतः वेल्डर नाही. हे सगळं केगपुरतं समजा, बॉयलर किंवा दाबाच्या टाकीला लावू नका.)

खरं सांगायचं तर उकळायच्या भांड्याला वेल्ड लागतच नाही. माझी पहिली पसंती वेल्ड न करता बसणाऱ्या फिटिंगला आणि दुसरी डाख लावण्याला. शिसं नसलेला, कथील-चांदीचा डाख मिळतो, तो २२० अंशांच्या जरा वर वितळतो. भांड्यात पाणी आहे तोवर तो टिकतो, रिकामं भांडं जाळावर ठेवलंत की फिटिंग हातात येईल. स्टेनलेसवर डाख धरायला त्याचं अॅसिडवालं फ्लक्स हवं, नळकामाचं साधं फ्लक्स चालत नाही. चांदीच्या ब्रेझिंग (जास्त तापमानाला लावायचा डाख) कांड्यांत कधी कधी कॅडमियम असतं, पाकीट वाचून घ्या.

वेल्ड न करता फिटिंग बसवताना सगळं भोकावर अवलंबून असतं. अर्ध्या इंचाच्या एनपीटी निपलचा (अमेरिकी मापाच्या आट्यांच्या छोट्या नळीचा) बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर, म्हणून भोक ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटरच्या आसपास. काही तयार किटना १३/१६ इंच लागतं, तेव्हा किट हातात आल्याशिवाय ड्रिल उचलू नका. आधी पंच मारा, छोटं भोक पाडा, मग स्टेप बिट (पायरीपायरीने रुंद होणारा). वेग कमी, दाब जास्त, कटिंग तेल सतत. बहुतेक जण उलट करतात: ड्रिल जोरात फिरवतात आणि हलकेच टेकवतात. बिट नुसता घासला जातो, स्टेनलेस त्या जागी कडक होतं आणि मग तिथे कुठलाही बिट चालत नाही. चिरफळ्या लांब वळणदार निघत असतील तर बरोबर चाललंय. किंचाळल्यासारखा आवाज आणि धूर आला की थांबा, दाब वाढवा.

भोकाची कड दोन्हीकडून कानसने बोथट करा, नाहीतर ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) कापली जाते. ओ-रिंग सिलिकॉनची हवी, तपकिरी किंवा लाल मिळते. नायट्राइलची काळी रिंग उकळीच्या तापमानाला लवकर कडक होते. क्रम: बाहेर व्हॉल्व्ह, मग वॉशर, ओ-रिंग, केगची भिंत, आत लॉकनट. हाताने घट्ट करून वर पाव फेरा. त्याहून जास्त आवळलंत तर रिंग बाहेर पिळून निघते आणि गळती वाढते. थंड पाण्याने तपासून समाधान मानू नका, पाणी उकळवा आणि गार होऊ द्या. खोटी बसलेली रिंग तापताना गळते.

व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा घ्या, उघडून धुता येतो. उकळून झाल्यावर थंड वर्ट त्याच व्हॉल्व्हमधून जाते आणि जंतूंचा खरा अड्डा तोच असतो. पितळी व्हॉल्व्ह आधीच घेतला असेल तर दोन भाग व्हिनेगर आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात पाच-दहा मिनिटं बुडवा, पृष्ठभागावरचं शिसं निघून जातं. केगचं बूड गोल असल्याने बाजूच्या व्हॉल्व्हखाली सहज ८-१० लिटर अडकतं, म्हणून आतून बुडाशी नेणारी वाकडी नळी लागतेच. नळीचं टोक बाजूला ठेवून वर्ट ढवळून गोल फिरवलीत तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ मध्यभागी बसतो आणि नळीत कमी येतो.

गॅस की वीज, हा वाद इथे नको, पण हिशेब घ्या. ४५ लिटर पाणी १५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण साडेचार युनिट लागतात. २४० व्होल्टला ५५०० वॅटचं एलिमेंट पाऊण तासापेक्षा थोडा जास्त वेळ घेतं आणि २३ अँपिअर ओढतं. जीएफसीआय ब्रेकरशिवाय (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरशिवाय) हे करायचं नाही. प्रोपेन असेल तर काम उघड्यावरच, गॅरेजचं दार उघडून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्योत व्हॉल्व्हच्या बाजूने वर येत असेल तर मध्ये पत्रा आडवा लावा.

हे वाचून ज्यांना केग शोधायची हुक्की येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. दारूच्या दुकानात भरलेलं डिपॉझिट म्हणजे केगची किंमत नव्हे. केग ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो, म्हणून ब्रुअरीने निकाली काढलेला, पावतीसकट घ्या. आणि कापायच्या आधी दाब सोडा. केगच्या तोंडातली नळी धरून ठेवणारी रिंग काढताना आत दाब उरला असेल तर मधली नळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, यात माणसं मेली आहेत. तोंड बारा इंची कापा, घरातल्या मोठ्या पातेल्याचं झाकण बसतं. अख्खी जाळी मात्र त्यातून आत जात नाही, मॅशसाठी (माल्ट गरम पाण्यात भिजवण्यासाठी) बिजागरीची घ्यावी लागते.

कायद्याचंही येता येता. अमेरिकेत घरी बिअर करायची केंद्रीय मुभा १९७८ च्या कायद्याने आली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. अलाबामा आणि मिसिसिपीत २०१३ मध्ये कुठे परवानगी मिळाली. विकायची नाही आणि ऊर्ध्वपातन यात बसत नाही. पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांनी महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आधी बघावा, तिथे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे.

तुम्ही आधी तो पट्टा घासा आणि आतल्या बाजूचा जवळून फोटो टाका, शेजारी पंचवीस सेंटचं नाणं ठेवून, फ्लॅश बंद, बॅटरी बाजूने. खड्डे किती खोल आहेत ते त्यातून कळेल, मग कापायचं का ठेवायचं ते सांगता येईल. तोवर त्यात बिअर उकळू नका, नुसतं पाणी तापवायलाही वापरू नका.