पॅन्सचे गुण देताना

ओपीडीत गर्दी आहे म्हणून नुसतं नातेवाइकांना विचारून पॅन्स, म्हणजे स्किझोफ्रेनियाची लक्षणं किती तीव्र आहेत ते मोजायची गुणपट्टी, भरू नकोस. काही बाबी घरच्यांच्या सांगण्यावरच ठरतात हे खरं, पण मुलाखत पेशंटची घ्यायची, आणि तीही गेल्या आठवड्याची. 'लई मारायचा' हे बहुतेक मागच्या दिवाळीचं असतं.

आपल्याकडं सासू शेजारी असली की सून पदर सावरत 'हं', 'न्हाई' एवढंच बोलते. लगेच भावशून्यतेला ५ देऊन मोकळा होऊ नकोस. सासूला चहाला पाठव, मग बघ. तरीही चेहरा कोराच असेल तर मनगट हलवून बघ. गोळ्यांनी आलेला ताठरपणा हुबेहूब तसाच दिसतो. नवरात्रात अंगात येणं तुळजापूरच्या वाटेवर कुणालाच नवं नाही, तेवढ्यावरून भास धरू नकोस. एकटी असताना आवाज येतात का, ते विचार.

हिशेबात नवी पोरं हमखास चुकतात. ३० बाबी, प्रत्येकीला १ ते ७, आणि १ म्हणजे लक्षणच नाही. म्हणजे ठणठणीत माणसाचेही ३० भरतात! ९० वरून ६० वर आला तर सुधारणा ३३ टक्के नव्हे, ५०. आधी ३० वजा कर.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं मोजमाप दसऱ्याच्या आत उरकून घे, मग ती माणसं थेट उन्हाळ्यातच दिसतात.