जुनी पेट्रोल गाडी गरम झाली की बंद पडते, मेकॅनिक इंजिन काम सांगतोय. करावं का?

नका करू. निदान चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे (आतल्या दाबाचे) आकडे हातात येईपर्यंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की 17 वर्षं जुनी घरची गाडी अर्धा-पाऊण तास चालली की एकदम गप्प होते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. अर्धा तास उभी ठेवली की पहिल्या सेल्फला चालू. सकाळी थोडा निळा धूर येतो, त्यावरून मेकॅनिकने रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्याचं ठरवलंय. हे वाचून राहवलं नाही, कारण ‘रिंगा गेल्यात, इंजिन उतरवू’ हे वाक्य माझ्या दादाने मला ऐकवलं होतं आणि त्यावरून आम्ही सहा महिने एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

अहो, झिजलेली रिंग अर्ध्या तासात बरी होते का? कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन थंड असतानाच जास्त छळतं. सकाळी सेल्फवर सेल्फ मारावे लागतात, चढावर दम लागतो, ऑइल भरत बसावं लागतं. तुमची गाडी थंड असताना शहाण्यासारखी वागते आणि तापली की मरते. हे सेन्सर, कॉइल, रिले, पंप, वायरिंग यांचं लक्षण आहे.

आमची गाडी बाबांनी नवी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. सोळाव्या वर्षी तिने हेच सुरू केलं. मी म्हटलं, आधी कॉम्प्रेशन मोजू. दादा म्हणाला, “पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त होत नाहीत. वय झालंय तिचं. एकदा उतरवलं की दहा वर्षं बघायला नको.” गाडी तीन आठवडे गॅरेजात. ब्लॉक बोअर केला (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केले), पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेड गॅस्केट सगळं नवं. घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही तिला फिरवायला काढली. दादा चालवत होता, बाबा शेजारी, मी मागे. 38व्या मिनिटाला बंद. हो, मी घड्याळ लावून बसलो होतो.

दादा उतरला आणि बॉनेट उघडून नुसता उभा राहिला. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त काच खाली केली. मी पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसलो, सेल्फ मारला आणि का कोण जाणे, आरपीएमच्या काट्याकडे पाहिलं. एरवी सेल्फ फिरताना तो जरासा उठून थरथरतो. त्या दिवशी शून्यावर चिकटलेला. म्हणजे इंजिन फिरत होतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नव्हता. मग तो करंट कशाला देईल आणि इंजेक्टर कशाला उघडेल?

क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. आमच्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलजवळ, एका बोल्टवर बसलेला असतो. अंगठ्याएवढी वस्तू. आत केसासारख्या तारेचं वेटोळं. तार कुठे तडकली असेल तर गरम झाल्यावर तिची टोकं सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतात. पिण्याच्या पाण्याची बाटली मी त्याच्यावर सावकाश रिकामी केली, दोन मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. गाडी चालू. काटासुद्धा उठला. दादा म्हणाला, “योगायोग.”

नवा सेन्सर बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा गंजलेला बोल्ट सोडवण्यात गेली. त्यानंतर गाडी तशी एकदाही बंद पडलेली नाही.

दादा अजून म्हणतो की इंजिन काम केलं म्हणूनच गाडी धावतेय, धूर थांबला की नाही? थांबला, मान्य. पण धूर गाडी बंद पाडत नव्हता! आणि सकाळी पहिल्या मिनिटापुरता येऊन जाणारा निळा धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलचा असतो. रात्रभर गाईडमधून तेल झिरपतं, ते सकाळी जळतं. ही रबरी सीलं बदलायला पिस्टन काढावे लागत नाहीत, बऱ्याच इंजिनांत तर हेडसुद्धा उतरवावं लागत नाही. रिंगांचा धूर गाडीला लोड आला की, चढावर, मागच्या आरशात दिसतो. धूर कधी येतो, हे आम्हाला मेकॅनिकने विचारलं नाही आणि दादाने सांगितलं नाही.

आता तुमचं. गाडी पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हाच, जागेवर, गार व्हायच्या आत तपासायचं. गॅरेजात नेईपर्यंत ती पुन्हा गुणी बाळ होते. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण येते का ऐका. सेल्फ मारताना काटा हलतो का पाहा. जाणकार कुणी सोबत असेल तर एक जादा प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहा. ठिणगी नाही आणि काटाही मेलेला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. ठिणगी आहे पण गुणगुण नाही, तर पंप किंवा त्याचा रिले. सेन्सर दोन वायरींचा असेल तर तो गरम असतानाच मीटर लावा. रेझिस्टन्स अनंत दाखवला की विषय संपला. (तीन वायरींच्या सेन्सरला ही युक्ती चालत नाही.) स्कॅनरवर कोड नाही म्हणून सेन्सर ठीक, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. क्रँक सेन्सरचा पी 0335 हा कोड आमच्या गाडीत कधी आलाच नाही.

हे सगळं टेंपरेचरचा काटा जागेवर असेल तर. कूलंट कमी होत असेल, पांढरा धूर येत असेल, काटा चढत असेल तर प्रकरण वेगळं आहे. गाडी चालवू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

वर मी झिजेबद्दल जे ठणकावून सांगितलं त्यालाही एक भोक आहे. टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) फार कमी झालं असेल तर व्हॉल्व्ह गरम झाल्यावर नीट बसत नाहीत, कॉम्प्रेशन जातं आणि गार झाल्यावर परत येतं. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. पण तेव्हा बंद पडण्याआधी आयडलिंगला गाडी थरथरते, मिस करते. आणि सांगायचं राहिलं: इंजिन कामाच्या आधी मी हट्टाने पेट्रोलचा पंप बदलायला लावला होता. काही उपयोग झाला नाही. दादा हे दर भेटीत काढतो.

म्हणून कॉम्प्रेशन मोजून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, बॅटरी भरलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 180 पीएसआय (दाबाचं एकक) येतं. सिलिंडरांत 15 टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि चारही आकडे मेकॅनिकसमोर कागदावर लिहा.

आमच्याकडे ते आकडे नाहीत. ब्लॉक बोअर झाला, जुने पिस्टन भंगारात गेले, त्यामुळे रिंगा खरंच गेल्या होत्या की नाही हे आता दादालाही दाखवता येत नाही आणि मलाही. तुमचे आले की कळवा, काहीही येवोत. दादाला पाठवायचे आहेत.