थांबलेल्या टॉवरवरून निघण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. पगार दोन महिने थकलाय, सळया वाकवणाऱ्या बारबेंडरची टोळी गावाला गेली, एकतिसाव्या मजल्यावर कॉलमच्या सळया नुसत्या उभ्या आहेत, आणि तू विचारतेस, ‘सर, थांबू की निघू?’

निघ. आजपासून दुसरीकडे बघायला लाग. मालकाकडचे पैसे संपले त्यात तुझा काही दोष नाही, आणि घरी पैसे पाठवायचेत तुला. फक्त शेवटचे तीन-चार आठवडे मी सांगतो तसे घालव.

आधी क्रेन. ऑपरेटर गेलाय म्हणतेस. त्याने फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडलाय का, हे क्रेनवाल्यांचा माणूस बोलावून बघून घे. बंद क्रेन वातकुक्कुटासारखी वाऱ्याबरोबर फिरली पाहिजे; जखडून ठेवली तर वादळात सगळा वारा अंगावर घेते. आणि क्रेनच्या आडव्या हातावर, बूमवर, कंपनीचा तो भला मोठा बॅनर आहे ना, तोही उतरवून घे. जाहिरात कसली करतात आता!

मग बेसमेंटमधलं पाणी उपसणारे पंप. वीज तोडायचं चाललंय, ते अडव, आणि लेखी अडव. टॉवरखालच्या राफ्टवर, म्हणजे पायाच्या जाड स्लॅबवर, एकतीस मजल्यांचं ओझं आहे, तो हलायचा नाही. पण पोडियमच्या, टॉवरशेजारच्या बुटक्या भागाच्या, बाजूला अजून दोनच स्लॅब पडलेत. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की ते हलक्या बांधकामाला खालून वर ढकलायला लागतं. रिकामं पातेलं पाण्याच्या बादलीत दाबून बघ, हाताला कळेल. साचलेल्या पाण्यातल्या डासांवरून महापालिकेची नोटीस येईल ती वेगळीच.

उघड्या सळयांना सिमेंटची स्लरी मारून घे, आपल्याकडे खारा वारा आहे. कुणी ‘वाकवून ठेवू, नंतर सरळ करू’ म्हणाला तर त्याला वर फिरकू देऊ नकोस. वाकवून सरळ केलेली सळई तिथेच दगा देते.

आता खरं काम, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. कागद.

मी तुझ्याएवढा असताना आमची एक साइट अशीच बंद पडली. सहा वर्षांनी नवा मालक आला आणि त्याच्या कन्सल्टंटने पहिला प्रश्न विचारला, नवव्या ते चौदाव्या मजल्याचं क्यूब रजिस्टर, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासल्याची नोंदवही, कुठाय? साइट ऑफिसचं कपाट उघडलं तर आत वाळवीची माती. मग त्या सहा मजल्यांवर कॉलमगणिक कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, कापून काढणं आलं. कोअरच्या ताज्या फोडलेल्या अंगावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारतात. धडधाकट काँक्रीट गुलाबी होतं. हवेने पोखरलेला थर तसाच राखाडी राहतो. तो राखाडी थर सळईपर्यंत पोचलेला नसला की जीव भांड्यात पडतो. आमचा एकूण एक कोअर गुलाबी निघाला, ताकदही भरली. काँक्रीटमध्ये काही म्हणजे काही खोट नव्हती. आठ महिने गेले ते एका रजिस्टरपायी.

म्हणून पोअर कार्ड (काँक्रीट ओतल्याची नोंद), क्यूबचे निकाल, स्टीलचे टेस्ट सर्टिफिकेट, आणि ड्रॉइंगमध्ये नसलेलं पण साइटवर केलेलं जे जे असेल ते सगळं मजल्याप्रमाणे लाव, स्कॅन कर. एक प्रत कंपनीला, एक स्ट्रक्चरल कन्सल्टंटला, दोघांकडून सही-शिक्क्याची पोच. घरी मात्र एक कागदही नेऊ नकोस. सव्विसाव्या मजल्यावर हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, निघून त्या ग्राउटिंगने भरल्या होत्या, तेही लिही. लपवावंसं वाटेल. पुढच्याला ते आयतं कळू दे.

‘सर, हे पुन्हा कधी सुरू होणार आहे का?’ असंही विचारलंस. सौदीतला जेद्दाचा टॉवर बघ. हजार मीटरच्या वर न्यायचा म्हणून 2013 ला काम सुरू झालं. 2017 च्या नोव्हेंबरात सौदीत धरपकड झाली, तीत त्या प्रकल्पामागचे राजपुत्र अल्वलीद होते आणि ठेकेदार कंपनीचे प्रमुखही. 2018 च्या सुरुवातीला काम थांबलं ते साठेक मजल्यांवर. सात वर्षं तो तसाच उभा. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा काँक्रीट पडायला लागलं. थांबलं तेव्हाही अडचण काँक्रीटची नव्हती, हे लक्षात घे. आपल्या वरळीला श्रीराम मिलच्या जागेवरचा पॅले रॉयल 300 मीटरच्या वर गेला आणि वाहनतळ, रेफ्यूज एरिया (आगीत आसऱ्याची जागा) यांच्या वादात कोर्टात अडकला. 2019 मध्ये त्याचा 705 कोटींना लिलाव झाला. आणि प्योंगयांगचं ते 105 मजली हॉटेल 1992 ला थांबलं, सोळा वर्षांनी पुन्हा हात लागला, काच बसली, पण पाहुणा अजून उतरलेला नाही. यातलं तुझ्या टॉवरच्या वाट्याला काय येईल, सांगता येत नाही.

रविवारी गेटवर फ्लॅटवाले येतात म्हणालीस. ते आजी-आजोबा मान वर करून ‘आमचा चोविसावा कुठला?’ विचारतात, तेव्हा त्यांना मजला दाखव. पझेशनची तारीख मात्र कुणी कितीही गळ घातली तरी सांगू नकोस. तुझ्या तोंडून गेलेल्या तारखेवर कुणीतरी भाड्याच्या घराचा करार वाढवायचा की नाही ते ठरवेल. एवढं सांग की सगळ्यांनी मिळून संघटना करा. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर रेरा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे उरलेलं काम पुरं करण्याचा पहिला हक्क फ्लॅट घेणाऱ्यांच्या संघटनेचा असतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आणखी वेगळी वाट. तिथे 2018 पासून त्यांना बँकांसारखे वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला पैसे दिलेले, मानतात. वकील त्यांनी करावा, तू नाही.

थकलेल्या पगाराचं मेल एचआरला गेलंय का? नसेल तर आजच टाक.

स्कॅनिंग कुठवर आलं ते कळव. दुपारी दोन ते चार फोन करू नकोस, मी झोपलेला असतो.

तुझे,
सर