जुन्या एसयूव्हीत ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा सारखा लागतोय, स्टिअरिंग अँगल सेन्सर बदलावा का?

लगेच बदलू नका, आधी स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) सेन्सरचं, म्हणजे स्टिअरिंग किती अंश फिरलंय याचं, लाइव्ह रीडिंग बघा. गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो म्हणून सांगतो, कोड स्टिअरिंग सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएस मॉड्यूल (ब्रेक सांभाळणारा कंट्रोलर) वाचणारा हवा. सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवताना अँगल शून्याच्या आसपास दिसायला हवा. मग गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा:

- आकडा सलग बदलतो, पण सरळ चालतानाही दहा-बारा अंश दाखवतो: सेन्सर ठीक आहे. आधी व्हील अलाइनमेंट, मग स्कॅनरवरून झिरो कॅलिब्रेशन, म्हणजे सरळ स्टिअरिंगला शून्य धरायला लावणं. बॅटरी काढल्यावर दिवा लागला असेल तर बहुधा हेच. काही गाड्यांत ते टोकापासून टोकापर्यंत फिरवून आणि थोडं सरळ चालवूनच जमतं.
- आकडा मध्येच उडी मारतो किंवा गायब होतो: आधी कनेक्टर, वायरिंग आणि बॅटरीचं व्होल्टेज तपासा. ते बरोबर असेल तरच सेन्सर.

मात्र हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद असतील आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली वायर) घ्या. पुष्कळ गाड्यांत सेन्सर त्यालाच जोडलेला असतो. तिथे एअरबॅग उतरवावी लागते, ते घरी करू नका.