कंडक्टर नसलेली बस

सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलं परदेशातल्या विद्यापीठांत दाखल होतात आणि दिवाळीच्या सुमारास समुपदेशनासाठी त्यांच्या आयांचे फोन माझ्याकडे सुरू होतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून. आधी जेवणाचं, थंडीचं, अभ्यासाचं सांगून होतं. थोडं बोलू दिलं की खरी गोष्ट निघते. "मॅडम, तो बसमध्ये बसायलाच घाबरतो. एवढा इंजिनिअर झालेला मुलगा. हे काही भलतंच तर नाही ना?"

भलतंच काही नाही. पण सोडून देण्याइतकं किरकोळही नाही. एका मुलाचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा शिरपूरकडचा. जर्मनीत मास्टर्सला गेलेला. "पोऱ्या खोलीमाईन बाहेरच निंघत नही," एवढं बोलून त्याची आई गप्प झाली. वडील शेजारी बसलेले, त्यांचं निदान तयार होतं: आळस. खोलीपासून विद्यापीठ ट्रामने वीसेक मिनिटांवर. हा तासभर पायी जायचा, आणि पाऊस असला की जायचाच नाही. तिकडे नोव्हेंबरात पाऊस असतोच. म्हणजे वर्ग बुडू लागले होते.

व्हिडिओ कॉलवर तो सुरुवातीला नुसतं अभ्यासाचंच बोलत राहिला. मग मी विचारलं, "शेवटचा ट्राममध्ये कधी बसला होतास?" त्यावर त्याने मान खाली घातली आणि हळूहळू सगळं सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात तो चुकीच्या बाजूच्या थांब्यावर उभा राहिला. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालणारी माणसं, तिकडे वाहनं उजवीकडून. पाय सवयीने जिथे गेले तिथून त्याच नंबरची बस उलट्या दिशेला जात होती. शहराबाहेर शेवटच्या थांब्यावर उतरला तेव्हा अंधार पडला होता. पुढे एकदा लोकल गाडीत दारासमोर उभा होता, स्टेशन आलं, दार काही उघडलं नाही. तिथे बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही. गाडी सुटली आणि मागच्या मुली हसल्या. त्याला हसल्या की आपसांत हसल्या, कोण जाणे. त्याच्यापुरतं ठरलं होतं.

तिसरा प्रसंग दंडाचा. तिकीट त्याने काढलं होतं, मशीनमध्ये पैसे टाकून, रीतसर. पण तिथल्या बऱ्याच शहरांत छापील तिकिटावर फलाटावरच्या किंवा डब्यातल्या छोट्या यंत्रात वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याशिवाय ते तिकीट धरतच नाहीत. साध्या कपड्यांतले तपासनीस आले, ६० युरोंचा दंड, आपले सहा हजारांच्या आसपास रुपये. भर ट्राममध्ये पासपोर्ट काढून दाखवावा लागला. हा मुलगा घरी कधी कुणाचा रुपया बुडवणारा नाही. दंडाचा कागद त्याने गादीखाली ठेवला आणि मनात गोष्ट पुरी करून टाकली: आता पोलीस येणार, व्हिसा जाणार, वडिलांनी काढलेलं शैक्षणिक कर्ज डोक्यावर राहणार.

ट्रामची भीती अशी तयार झाली. खरं तर भीती ट्रामची नव्हतीच. चारचौघांत आपण अडाणी किंवा चोर ठरू, याची होती.

मुलांना मी इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे एसटीत बसलं की कंडक्टर स्वतः जवळ येतो, कुठे जायचं विचारतो, तिकीट देतो, आपला फाटा आला की हाक मारतो आणि घंटी वाजवून गाडी थांबवतो. काळीपिवळीवाला तर गल्लीच्या तोंडाशी सोडतो. पोचण्याची अर्धी जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी उचललेली असते आणि उरलेली शेजारचा प्रवासी उचलतो. जर्मनीत ही सगळी कामं एकट्या प्रवाशावर येतात. स्टेशनात अडवणारी फाटकं नसतात, तिकीट द्यायला कुणी येत नाही, थांबा हवा असेल तर बसमधलं लाल बटण आपणच दाबायचं. हे न जमणारा मुलगा बावळट नसतो. ही कामं त्याने आजवर कधी केलेलीच नसतात.

आम्ही आधी कागद हाती घेतला. मी वकील नाही, म्हणून त्याला विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पाठवलं, चालत. तिथल्या बाईंनी कागद पाहिला, दिलेल्या तारखेच्या आत पैसे भर म्हणाल्या, आणि विषय संपला. पुन:पुन्हा विनातिकीट सापडणाऱ्याचं प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकतं, याचं तसं नव्हतं. शिवाय हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू झालं होतं आणि सत्र शुल्कातच त्याचा प्रवासाचा पास आलेला होता. म्हणजे शिक्क्याची भानगड केव्हाच मिटलेली. तो जुन्याच भीतीने नव्या पासाकडे बघत होता. ज्यांच्या शुल्कात पास नसतो त्यांच्यासाठी मे २०२३ पासून देशभर चालणारं महिन्याचं डॉइचलँड-टिकीट आहे. तेव्हा ते ४९ युरोंना होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, तिथे ते घेऊन बसलेला विनातिकीटच. आणि तिकीट बहुधा फोनवर असतं, म्हणून फोन चार्ज हवा आणि ओळखपत्र खिशात.

माहिती मिळाली म्हणून भीती जात नाही, हे खरं. ती टाळण्यावर पोसते: आज ट्राम चुकवली की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच उद्याची ट्राम आणखी अवघड होते. म्हणून पायरीपायरीने चढावं लागतं. रविवारी सकाळी, कुठेही पोचायचं नसताना, ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. चढण्याआधी समोरच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव वाचायचं, नुसत्या नंबरवर जायचं नाही. ते जमल्यावर मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरायचं आणि आपलं आपण परत यायचं. हे ऐकून त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, ही कुठली ट्रीटमेंट?" पण मला मोल याच पायरीचं वाटतं. चुकल्यावर परत येता येतं हे अंगाने कळावं लागतं, सांगून कळत नाही. पुढची पायरी अनोळखी माणसाला विचारायची. ती त्याला सगळ्यांत जड गेली. तिकडचे लोक आपण होऊन सांगत नाहीत, पण विचारलं तर बहुतेक जण थांबून नीट सांगतात. न सांगण्याला त्याने तुच्छता समजून ठेवलं होतं.

दुसऱ्या शहरात जायचं ठरलं तेव्हा नवा घोळ. जर्मनीत काही प्रादेशिक गाड्या वाटेत एखाद्या स्टेशनवर दुभागतात, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. तो पुन्हा बिचकला. मी म्हटलं, "धुळ्याच्या घरात विचार. मुंबईहून येणाऱ्या गाडीचे धुळ्याचे डबे चाळीसगावला सुटे करायचे, ते आठवतं का कुणाला?" त्याच्या मामांनी त्या डब्यांतून कित्येकदा प्रवास केलेला. डब्यावरची पाटी वाचून बसायचं, मामांनी सांगितलं. जर्मनीतही तेच करायचं असतं. पाटी तेवढी विजेची.

आता आईवडिलांचं. या आईच्या फोनवर मुलाचं लोकेशन चोवीस तास चालू होतं. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे, म्हणजे तो संध्याकाळी सहाला निघाला की इथे साडेदहा. नकाशावरचं त्याचं टिंब थांबलं की ही फोन लावायची, "का थांबलास? चुकलास का?" आणि त्याला खरंच चुकल्यासारखं वाटायचं. लोकेशन बंद करा म्हटल्यावर ताई माझ्यावर रागावल्या. मग ठरलं की घरी पोचल्यावर तो एक निरोप टाकेल, त्याआधी कुणी फोन करायचा नाही. पहिले काही दिवस त्यांना झोप लागली नाही. मुलाला लागली.

प्रत्येकाला एवढ्याने भागेल असं नाही. चढण्याच्या विचारानेच छाती धडधडत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, किंवा मुलगा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलू लागला असेल, तर वाट बघू नका. जर्मनीत विद्यार्थी कल्याण संस्थांची मानसिक समुपदेशन केंद्रं असतात, तिथलं बोलणं गुप्त राहतं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं. इथे घरच्यांना आधार हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ज्यांची मुलं पुढच्या वर्षी जाणार आहेत त्यांनी या उन्हाळ्यात त्यांना एकट्यांनी सुरतेला किंवा पुण्याला जाऊ द्यावं. तिकीट त्यांनीच काढायचं, उतरल्यावर शहर बसने जायचं, रिक्षा नाही. स्टेशनवर घ्यायला कुणा नातेवाइकाला पाठवू नका, आणि वाटेत फोनही करू नका.